काडी आणि कंदील

उल्हासनगर महानगरपालिकेचे आयुक्त आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांचे मुख्याधिकारी यांना खुले पत्र

मा. आयुक्त आणि मा. मुख्याधिकारी,



तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. पण माझाही इलाज नाही. मी राहतो बदलापूर पूर्वेला, तीस वर्षे नोकरी केली अंबरनाथच्या एमआयडीसीत, आणि निवृत्त झाल्यापासून दुपार काढतो उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमधल्या एका मित्राच्या दुकानात. लोकलच्या एका पासात ही तिन्ही गावे बसतात. एका पत्रात का बसू नयेत?

मित्र सिंधी आहे. त्याच्या वडिलांनी रेडिओ दुरुस्त केले, त्याने स्वतः टेपरेकॉर्डर आणि टीव्ही केले, आणि गेली काही वर्षे त्याच्या टेबलावर बहुतेक दिवेच येतात. घरातले बल्ब नव्हेत, ते कोणी दुरुस्तीला आणत नाही. दुकानांच्या फॉल्स सीलिंगमधले दोन बाय दोनचे पॅनेल, गोल डाउनलाइट, कपड्यांवर झोत टाकणारे स्पॉट, पाट्यांच्या आतल्या मॉड्यूलच्या माळा, गोदामांतले हायबे, सोसायट्यांच्या आवारातले फ्लडलाइट. मी कारखान्यात वायरमन म्हणून लागलो आणि मेंटेनन्सचा सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. त्या पुण्याईवर मला तिथे बसायला एक स्टूल मिळते, हातात मल्टिमीटर मिळतो आणि दोन वेळा चहा.

मागच्या पावसाळ्यात एका सोसायटीचा वॉचमन एक फ्लडलाइट घेऊन आला. शंभर वॅटचा, दोन वर्षांचा. पावती हरवलेली, म्हणजे वॉरंटीही हरवलेली. मित्राने तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला, "साईं, ये खुलेगा कहाँ से?" खरेच, त्याला कुठे स्क्रूच नव्हता. काच चौकटीला सिलिकॉनने चिकटवलेली, मागचे झाकण रिबिटांनी बंद, आणि एलईडी चिपांना करंट पुरवणारा ड्रायव्हर काळ्या रेझिनमध्ये बुडवून गोठवलेला, जणू कोणी धन पुरून ठेवले आहे. रिबिटा ड्रिलने उडवल्या. काच पात्याने सोडवायला गेलो तर ती तडकली. चिपांच्या प्लेटला बाहेरून करंट दिला, तर झाडून सगळ्या चिपा लख्ख पेटल्या. रेझिन खरवडून काढले तेव्हा सापडला तो एक फुगलेला कपॅसिटर, करंगळीच्या पेराएवढा. त्याची किंमत दोन कटिंग चहांइतकी. पण तोवर काच गेली होती, झाकण गेले होते, आणि तो दिवा पुन्हा पावसात लावायच्या लायकीचा उरला नव्हता. वॉचमनने तो परत नेलाच नाही.

त्याच आठवड्यात एका गोदामातला जुना हायबे आला. मागे चार स्क्रू, आत रबरी गॅस्केट, ड्रायव्हर वेगळ्या पट्टीवर, मधे कनेक्टर. ड्रायव्हर बदलून दिवा पेटला तेव्हा सांगितलेला चहा अजून यायचा होता.

दोन्ही दिव्यांत तंत्र एकच, चिपाही जवळपास सारख्याच. एकाच्या घडणीत तो कधीतरी बिघडेल हे कबूल केलेले होते. दुसऱ्याच्या घडणीत ते लपवलेले होते.

हे दिवे बनवणाऱ्यांना लिहा, आम्हाला कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्यांच्याशी बोलून झाले. मोरिवली, आनंदनगर, माणकिवली या भागांत पत्र्याचे काम करणारे, पावडर कोटिंग करणारे, प्लास्टिक आणि रबराचे मोल्डिंग करणारे छोटे कारखानदार आहेत. नोकरीच्या काळात त्यांच्या शेडमध्ये माझे जाणे-येणे होते. उघडणारा दिवा बनवणे त्यांना जड नाही. चार स्क्रू आणि एक गॅस्केट म्हणजे काही अणुभट्टी नव्हे. पण उघडणारा दिवा थोडा महाग पडतो, आणि सरकारी खरेदीत कमीत कमी दर भरणारा, म्हणजे एल-वन, जिंकतो. "काका, कागदावर उघडायचं लिहिलेलंच नाही, तर मी ते फुकट कशाला देऊ?" असे त्यांतल्या एकाने मला विचारले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिवा घडतो कारखान्यात, पण ठरतो निविदेत. म्हणून हे पत्र तुम्हाला.

१९२४ साली जिनिव्हात बड्या बल्ब कंपन्यांनी संगनमत करून बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले आणि जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या भागीदाराला दंड लावला, ही गोष्ट हल्ली सगळीकडे सांगितली जाते. मी ती सांगत बसत नाही. एवढा मोठा कट करायची आपल्याकडे गरजच पडत नाही. एक अपुरी निविदा तेच काम चोख करते.

त्या दोन घडणींची जुनी रूपेही आठवतात. अंबरनाथ म्हटले की माझ्या वडिलांच्या पिढीला शिवमंदिराच्या खालोखाल विम्को आठवायची. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, स्वीडिश भांडवलाची, १९२० च्या दशकातली. तिच्या काडेपेट्या देशभर घराघरांत गेल्या. काडी एकदा ओढायची, पेटली की तिचे काम संपले. तिला कोणी दुरुस्त करत नाही आणि करूही नये. तिचा जन्मच त्यासाठी.

तिकडे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काचकारखाना काढला आणि त्यातून आला प्रभाकर कंदील. ज्यांनी तो वापरला त्यांना त्याचे गुणगान करायला नको, पण तुमच्या वयाच्या अधिकाऱ्यांनी तो कदाचित फक्त सिनेमात पाहिला असेल, म्हणून सांगतो. काच फुटली की काच मिळायची, वात संपली की वात, बर्नर गंजला की बर्नर. टाकी गळू लागली तर डाग देणारा तिला डाग देऊन द्यायचा. दिवेलागणीच्या आधी काच काढून राखुंडीने पुसणे हे आम्हा पोरांचे काम होते, म्हणजे घरातल्या सर्वांत लहान माणसालाही तो दिवा उघडता येत होता. माझ्या आजीच्या घरी तो कंदील किती काचा बदलून किती वर्षे टिकला याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवायची वेळच आली नाही.

आमच्या उमेदीतली ट्यूबलाइटही त्याच जातीची. पट्टी, चोक, स्टार्टर, होल्डर, नळी, सगळे सुटे. लुकलुकायला लागली की घरातला एखादा पोरगा स्टुलावर चढून स्टार्टर फिरवायचा. तिच्यात पारा होता हे वाईटच, वीजही जास्त खायची, आणि आता पाऱ्यावरच्या मिनामाता कराराखाली २०२७ पर्यंत तिचे उत्पादन जगभर थांबायचे आहे. तिच्यासाठी मी रडत नाही. ट्यूबबरोबर तिचा सुटेपणाही गेला, याचे मात्र वाईट वाटते. आज आपण कंदिलाची किंमत मोजून काडी घरी आणतो आहोत.

आता थोडे गणित, कारण तुमचा विद्युत विभाग भावनेवर चालत नाही, आणि चालूही नये.

खोक्यावर ५०,००० तास लिहिलेले असतात. ते खोटे नसते, अर्धे असते. तो आकडा चिपचा : इतक्या तासांनी तिचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर उतरेल, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरचा दिवा रोज बारा तास धरला तर वर्षाला ४,३८० तास जळतो. म्हणजे चिपला अकरा वर्षे मरण नाही. पण चिपला थेट मेन्सची वीज चालत नाही. तिला हवा तो करंट ड्रायव्हर बनवून देतो, आणि ड्रायव्हरचे आयुष्य बऱ्याचदा त्याच्या पोटातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर ठरते. त्या कपॅसिटरच्या अंगावर लिहिलेले असते, समजा, १०५ अंश आणि कंपनीच्या कागदावर ५,००० तास. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. डब्यात ८५ अंश असतील तर २०,००० तास, म्हणजे साडेचार वर्षे. नीट हीटसिंक देऊन ७५ वर आणले तर ४०,००० तास, नऊ वर्षे. आणि कपॅसिटरच मुळात १०,००० तासांचा घेतला तर त्याच ७५ अंशांवर अठरा वर्षे. दोन कपॅसिटरांच्या किमतीत फरक काही रुपयांचा. अकरा वर्षांच्या घरात साडेचार वर्षांचा भाडेकरू ठेवायचा आणि दाराला भिंत घालून टाकायची, असा हा कारभार आहे.

आणि हे झाले शांत, कोरड्या, सुखी गावातले गणित. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या वस्तीत कुठे न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट दिव्याच्या अंगावर येतात. विजांचा झटका वेगळाच. या झटक्यासाठी दिव्यात सर्ज प्रोटेक्टर असतो. तो देवळाच्या दारातल्या जयविजयासारखा उभा असतो, स्वतः मरतो आणि ड्रायव्हरला वाचवतो. पण तोही जर रेझिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारीच पुरलेला असेल, तर पहिल्या झटक्यात तो हुतात्मा होतो, आपल्याला कळत नाही, आणि दुसऱ्या झटक्यात सगळा दिवा जातो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातली. वालधुनी नदीचे प्रदूषण आणि उल्हास नदीचे हाल वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले, ते माणसांच्या आणि नद्यांच्या काळजीने. त्यापुढे दिव्यांचे दुःख क्षुल्लक, पण सांगून ठेवतो. सडक्या पाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड चांदी काळी करतो. नाल्याकाठच्या घरात निरांजन पुन्हा पुन्हा का काळे पडते ते बायकांना विचारा. एलईडी चिपच्या तळाशी उजेड परतवण्यासाठी बऱ्याचदा चांदीचा मुलामा असतो. तो काळा पडला की चिप जिवंत राहते आणि उजेड मरतो. नाल्याजवळून आलेल्या दिव्यांत असे काळवंडलेले ठिपके मी भिंगाखाली पाहिले आहेत. अशा जागी कुठलाही दिवा खोक्यावरचे आयुष्य जगणार नाही. तिथे चिपांची प्लेट दोन स्क्रूंनी निघाली पाहिजे, बस्स.

यावर तुमचे अभियंते एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. उघडणारा दिवा म्हणजे फट असलेला दिवा. पाणी शिरेल, धूळ शिरेल, मग आयपी ६५ आणि ६६ या दर्जांचे काय? माझे उत्तर त्यांच्याच शेजारी आहे. अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांत फ्लेमप्रूफ फिटिंग असतात. आत ठिणगी पडली तरी ज्वाळा बाहेर येता कामा नये अशी त्यांची रचना, कारण बाहेर सॉल्व्हंटची वाफ असते आणि चूक झाली तर माणसे जातात. रस्त्यावरच्या कुठल्याही दिव्यापेक्षा त्यांची कसोटी कडक. आणि ती फिटिंग बोल्टने उघडतात! माझी उमेदीची वर्षे त्यांचे बोल्ट खोलण्यात आणि आवळण्यात गेली. नियम इतकाच की बोल्ट एकही कमी नको आणि जोडाचा पृष्ठभाग खरचटता कामा नये. जी गोष्ट रिॲक्टरच्या डोक्यावर चालते, ती चौकातल्या खांबावर चालत नाही असे म्हणणे मला पटत नाही. गॅस्केट चांगल्या सिलिकॉन रबराची घ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या डब्यात दोन पावसाळ्यांत असा बसतो की तो उघडणारा दिवाही न उघडणारा होतो. निविदेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरली जाणारी ओळ ही स्क्रूची.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. त्याचे मला कौतुकच आहे. उजाला योजनेतून असे छत्तीस कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले आणि गरिबाचे बिल उतरले. ३८ रुपयांचा बल्ब दुरुस्त करा असे मी सांगणार नाही. पण त्या स्वस्ताईची सवय आपण मोठ्या दिव्यालाही लावली. रस्त्यावरच्या किंवा गोदामातल्या दिव्यात काही किलो ॲल्युमिनियम असते, आणि तो खांबावरून खाली आणायला शिडीची गाडी लागते, दोन माणसे लागतात, खाली वाहतूक अडवावी लागते. ती गाडी दोन चहांच्या कपॅसिटरसाठी येवो की नव्या कोऱ्या दिव्यासाठी, तिचे डिझेल तेवढेच जळते. मग वर गेलेल्या माणसाने कनेक्टर काढून ड्रायव्हर बदलावा आणि खाली उतरावे, यात महाग काय पडले?

दुकानदारांचे दुखणे आणखी वेगळे आहे. उल्हासनगरच्या कपड्याच्या दुकानात छताला चाळीस-चाळीस पॅनेल असतात. त्यातले पाच जातात. बाजारात तसेच पॅनेल मिळत नाही. मिळाले तर कापलेल्या भोकात बसत नाही. बसले तर उजेड जुळत नाही, पस्तीस पिवळसर आणि पाच निळसर. त्या छताखाली गिऱ्हाइकाला मरून आणि चॉकलेटी यांतला फरक कळेनासा होतो, आणि दिवाळीच्या तोंडावर शेठ वैतागून चाळीसच्या चाळीस उतरवतो. पस्तीस धडधाकट दिवे भंगारात! पॅनेलचा ड्रायव्हर तर बाहेरच लोंबत असतो, पिन काढून बदलता येतो. पण प्रत्येकाची पिन वेगळी आणि करंटचा आकडा वेगळा. माझा मित्र मग मेलेली चिप सोल्डरने शॉर्ट करून दिवा पेटवून देतो आणि गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगतो, चालेल, पण किती दिवस ते विचारू नका. हा जुगाड आहे. मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही, तोही म्हणत नाही. सुटा भाग मिळत नाही म्हणून माणूस जुगाडाकडे जातो.

यावर बाहेर उपाय सुरू झाले आहेत. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२१ पासून नियम लागू केला : दिव्यातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर नेहमीच्या हत्यारांनी, दिव्याची मोडतोड न करता काढता आला पाहिजे, काही अपवाद सोडले तर सगळ्यांना हे बंधन. झागा नावाचा उत्पादकांचा एक गट २०१० पासून चिपांच्या प्लेटी आणि सॉकेट यांची मापे एकसारखी ठरवतो आहे, म्हणजे एकाची प्लेट दुसऱ्याच्या डब्यात बसावी. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; तिने आधी हाती घेतली शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने. बाजारपेठेच्या छतातला आणि चौकाच्या खांबावरचा दिवा या चार गटांत कुठेच नीट बसत नाही.

पण एक कायदा तुमच्यापर्यंत आधीच पोचलेला आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत साधे तारेचे बल्ब सोडून प्रकाश देणारी उपकरणे आहेत. उत्पादकाने वस्तू शेवटी पुनर्चक्रण करता येईल अशा तंत्राने बनवावी, आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे सुटे भाग एकमेकांना जुळतील असे पाहावे, हे त्यात लिहिले आहे. म्हणजे मी मागतो ते काही नवे नाही. त्याच नियमांत घाऊक ग्राहकाची व्याख्या आहे : वर्षभरात कधीही यादीतली किमान १,००० उपकरणे वापरणारी संस्था. तुमच्यापैकी कोणाच्याही हद्दीतले दिवे मोजा, हजाराच्या खाली येणार नाहीत. अशा ग्राहकाने बाद झालेला माल नोंदणीकृत उत्पादकाकडे, पुनर्चक्रणवाल्याकडे किंवा नूतनीकरण करणाऱ्याकडेच द्यायचा असतो. जास्तीत जास्त बोली लावणाऱ्या भंगारवाल्याला लिलावात द्यायचे दिवस कायद्याने संपले.

भंगारवाल्यावर माझा राग नाही. त्याच्याइतका दिव्याच्या रचनेचा अभ्यास कोणत्याही कॉलेजात होत नसेल. त्याला हवे असते स्वच्छ ॲल्युमिनियम, कारण भंगारातून ॲल्युमिनियम गाळायला खनिजातून काढण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते आणि म्हणून त्याला भाव मिळतो. सिलिकॉन, रेझिन आणि प्लास्टिक चिकटलेल्या डब्याला भाव नाही. मग तो हातोडी घेतो. जे फुटते ते विकतो, जे फुटत नाही ते नाल्यात जाते. जो दिवा स्क्रूने सुटतो तो वायरमनलाही सोपा आणि भंगारवाल्यालाही सोपा. टिकाऊ, दुरुस्त होणारा आणि पुन्हा वितळवता येणारा दिवा असे तीन वेगवेगळे प्राणी कागदोपत्री असतात. टेबलावर तो एकच असतो.

निविदेत काय लिहायचे ते आता सांगतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ परीक्षेची आहे. नमुना दिवा सादर करताना कंपनीच्या इंजिनिअरने तो उघडून दाखवू नये. तुमच्या विद्युत विभागातल्या साध्या वायरमनच्या हातात द्यावा, सोबत एक स्क्रूड्रायव्हर, आणि घड्याळ लावावे. दहा मिनिटांत त्याने ड्रायव्हर, सर्ज प्रोटेक्टर आणि चिपांची प्लेट काढून परत बसवावी आणि दिवा पेटवावा, मग त्याच दिव्यावर पाण्याची चाचणी घ्यावी. जो दिवा यात नापास, त्याचे दरपत्रक उघडायचेच नाही. एल-वन मग खुशाल निवडा; सगळेच उघडणारे असतील तर त्यांतला स्वस्त घ्यायला कोणाची हरकत?

बाकीचे त्याच्या पाठोपाठ येते. ड्रायव्हरच्या डब्यावर करंट, व्होल्ट आणि बनवल्याचा महिना न पुसणाऱ्या अक्षरांत हवा. ड्रायव्हरच्या आतल्या कपॅसिटरचे तास आणि तापमान कंपनीने लिहून द्यावे. सुट्या भागांची किंमत दिव्याबरोबरच ठरवून घ्या, दहा वर्षांसाठी. नाहीतर दिवा स्वस्त आणि ड्रायव्हर दिव्याच्या भावाने, हा प्रिंटर आणि शाईचा खेळ इथेही सुरू होईल. काही ड्रायव्हर पहिल्या दिवशीच भांडारात जमा करून घ्या. आणि दर तपासताना फक्त खरेदीची किंमत न धरता दहा वर्षांची वीज, शिडीची गाडी आणि सुटे भाग मिळून किती होते ते धरा.

केंद्राच्या पथदिवे योजनेत २०१५ पासून देशभर सव्वा कोटीहून अधिक एलईडी दिवे लागले, बहुतेक करार सात वर्षांच्या देखभालीचे. ही पद्धत मला आवडते, कारण दिवा ज्याने लावला त्यालाच तो टिकवण्यात फायदा असतो. पण सातव्या वर्षापर्यंतच. आठव्या वर्षी खांब तुमचा, दिवा तुमचा, आणि रेझिनमध्ये गोठलेला ड्रायव्हरही तुमचाच. असा करार करताना आठव्या वर्षी काय मिळणार, हे पहिल्या वर्षी लिहून घ्यावे.

तुम्ही हे लिहिलेत तर ते तुमच्या खांबांपुरते राहणार नाही. सोसायटीचा सेक्रेटरी आणि दुकानाचा शेठ स्वतः तपशील लिहीत बसत नाही, तो कुठूनतरी नक्कल करतो. तुमचा कागद मराठीत आणि हिंदीत वेबसाइटवर टाका, तो नक्कल करेल. आणि नक्कल करण्यात आमचे उल्हासनगर कमी नाही, असे माझा मित्रच हसत म्हणतो. "मेड इन यूएसए", म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तो स्वतः सगळ्यांना ऐकवतो. पण त्याच शहराची दुसरी ओळखही तोच सांगतो. लष्कराने वापरून सोडलेल्या बराकींमध्ये फाळणीनंतर माणसे येऊन राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे गाव झाले. वापरलेल्या वस्तूत दुसरे आयुष्य शोधणे हा या गावाचा धंदा नंतर झाला, आधी ती त्याची गरज होती. ते हात अजून आहेत. त्यांना फक्त उघडणारा दिवा हवा.

तेव्हा एक विनंती. पुढची दिव्यांची निविदा काढण्याआधी तुम्हा तिघांच्या विद्युत विभागांनी आपापला एक वायरमन आणि एक नमुना दिवा घेऊन आमच्या दुकानात यावे. दुपारी तीन ते सात आम्ही असतो. दिवा तुमचा, घड्याळ तुमचे, स्क्रूड्रायव्हर आणि चहा आमचा.

आपला,
एक निवृत्त वायरमन,
बदलापूर पूर्व